मोजायचं नाही आणि पुरावा मागायचा

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकात उभं राहून कुणी म्हणालं की हा महामार्ग, ही टिप्परांची रांग, तिकडची तिरोड्याची औष्णिक वीज आणि तिची राख यांचा इथल्या माणसांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो ते आधी तपासा, तर त्याला मिळणारी उत्तरं ठरलेली असतात. पहिलं उत्तर हसण्याचं. दुसरं, ‘विकास नको आहे का तुम्हाला?’ तिसरं जरा अभ्यासू: पर्यावरणाचा अहवाल झालेला आहे, त्यात आरोग्याचं प्रकरण आहे, सगळे आकडे मर्यादेत आहेत. चौथं उपकाराचं: रस्ता झाला म्हणून तर रुग्णवाहिका येते. आणि एवढ्यानंही समोरचा गप्प बसला नाही, तर हुकमाचं पान: ‘यांचा खोकला आमच्या प्रकल्पामुळेच आहे, याचा पुरावा आहे का?’

ही उत्तरं फक्त ठेकेदाराच्या माणसानं दिली असती तर लिहायचं कारण नव्हतं; त्याला त्याचा पगार मिळतो. पण हीच वाक्यं आता पानठेल्यावर ऐकू येतात, ग्रामसभेत ऐकू येतात, आणि ज्यांची पोरं नागपुरात शिकतात अशा घरांतून तर जास्तच ठासून ऐकू येतात. ज्यांच्या अंगणात धूळ पडते त्यांनीच धुळीची वकिली करायची, अशी ही तऱ्हा. म्हणून एकेक उत्तर जरा निवांत तपासू.

शेवटचं आधी घेतो, कारण सगळा डाव तिथंच आहे. पुरावा म्हणजे काय? आधी काय होतं आणि नंतर काय झालं, यातला फरक. मग ‘आधी’ची नोंद कुणी केली? काम सुरू होण्यापूर्वी सडक अर्जुनी तालुक्यातल्या किती जणांना दम्याचा त्रास होता, पोरांचं वजन किती होतं, किती बायकांचा रक्तदाब वाढलेला होता, याची प्रकल्पाच्या अंगानं मांडलेली वही कुणाकडे आहे? देशभरात 2020 साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. बाकीचे सगळे आपले ‘म्हातारपणानं गेले’, ‘तापानं गेले’, ‘छातीत दुखून गेले’. जिथं माणूस कशानं मेला हेच कागदावर नाही, तिथं तो कुणामुळे मेला याचा पुरावा गावकऱ्यानं आणायचा! मोजमाप करायचं काम ज्यांचं, त्यांनी ते करायचं नाही, आणि मग मोजमाप नाही म्हणून त्रासच नाही असा निकाल द्यायचा. याला विज्ञान म्हणतात?

हा खेळ नवा नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच 1983 साली सुरू झाला. प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष निर्देशांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं काढला तो 2009 साली, आणि त्यात 83.88 गुण मिळवून चंद्रपूर देशात चौथं आलं. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं चंद्रपूरकर खोकत होते, आणि खोकणाऱ्याला विचारलं जात होतं: पुरावा? एक पिढी म्हातारी झाल्यावर गुणपत्रक हातात पडलं आणि 2010 च्या जानेवारीत तिथल्या नव्या उद्योगांवर काही काळ स्थगिती आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त या वरातीतली काही माणसं तोवर स्मशानात पोचली होती.

आता ते ‘आरोग्याचं प्रकरण’. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल ज्यानं कधी उघडून पाहिला असेल त्याला हे प्रकरण ओळखीचं असेल. परिसरातली लोकसंख्या, स्त्री-पुरुष प्रमाण, साक्षरता. मग प्राथमिक आरोग्य केंद्रं किती, उपकेंद्रं किती, जवळचं रुग्णालय किती किलोमीटरवर. मग कामगारांना मास्क, हेल्मेट, कानात घालायचे बोळे. शेवटी ‘परिसरात वेळोवेळी आरोग्य शिबिरं भरवली जातील’. झालं आरोग्य. यात इमारती मोजल्या आहेत, खाटा मोजल्या आहेत. माणूस कुठं मोजला? कुणाच्या रक्तात काय आहे, कुणाचं फुप्फुस किती हवा घेतं, कोण रात्रीचं झोपू शकत नाही, यातलं एक अक्षर नाही. दवाखान्याचं अंतर सांगणं म्हणजे आजार तपासणं असेल, तर पोलीस ठाण्याचं अंतर सांगितलं की चोरीचा तपासही लागायला हरकत नाही.

बरं, हा अहवाल लिहितो कोण? प्रकल्पवाल्यानं पैसे देऊन नेमलेला सल्लागार. विद्यार्थ्यानंच परीक्षक निवडायचा आणि त्याचं मानधनही द्यायचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात चक्क रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर उतरवलेला सापडला होता. कोकणच्या सड्यावर थंड प्रदेशातल्या स्प्रूस आणि बर्चची जंगलं उगवली होती. झाडं चुकीची होती म्हणून ती चोरी पकडली गेली. आरोग्याचं प्रकरण उतरवलं असतं तर पकडलं गेलं असतं का? ते सगळीकडे सारखंच असतं.

महामार्गांच्या बाबतीत तर असा अहवालही बऱ्याचदा नशिबी नाही. पर्यावरणीय परिणामांबद्दलच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत तीस किलोमीटरपेक्षा लांब रुंदीकरणाला विशिष्ट अटींखाली परवानगी घ्यावी लागे. 22 ऑगस्ट 2013 च्या दुरुस्तीनं ही लांबी शंभर किलोमीटरवर नेली, आणि रुंदीसाठी घ्यायच्या जादा जागेची मर्यादाही वाढवली. म्हणजे नव्व्याण्णव किलोमीटरचं रुंदीकरण असेल तर त्याच्या कडेच्या गावांना फुप्फुसं नसतात, शंभराव्या किलोमीटरनंतर ती फुटतात. जादा जमीन न घेता रस्ता वाढवायचा असेल तर जनसुनावणीचीही गरज नाही. धूळ जमीन संपादन करूनच येते, अशी सरकारची समजूत असावी.

तिरोड्याचं पाहा. तिथं 3300 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, 660 मेगावॉटचे पाच संच. अशा प्रकल्पाचा परिणाम तपासताना भोवती वर्तुळ काढतात ते 10 किलोमीटर त्रिज्येचं. कोहमारा त्या वर्तुळात येत नाही, सडक अर्जुनी येत नाही. सूक्ष्म धूलिकण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात, पण ते अधिसूचना वाचून दहाव्या किलोमीटरला थांबत असावेत. इथवरही सोसलं असतं. पण त्याच पर्यावरण खात्याचं राखेबद्दलचं वर्तुळ किती आहे? औष्णिक केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतल्या रस्तेबांधणीत राख वापरणं बंधनकारक आहे. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेतही ते कायम आहे. राख खपवायची असली की कोहमारा प्रकल्पाच्या जवळ, परिणाम मोजायचा असला की लांब. एकाच गावाला एकाच सरकारनं लावलेल्या या दोन फूटपट्ट्या आहेत, आणि कुणालाही त्यात काही खटकत नाही!

राखेचा उपयोग करू नये असं कुणी म्हणत नाही. तळ्यात साठवून ठेवलेली राख काय करते ते कोराडीच्या खसाळा राख-तलावाचा बांध 2022 च्या जुलैत फुटला तेव्हा नागपूर जिल्ह्यानं पाहिलं आहे. भरावात नीट दाबून, वरून मातीचा थर देऊन ती बसवली तर बरंच. पण ती झाकून आणली का, उतरवताना ओली होती का, उन्हाळ्यात आठ-आठ दिवस उघडी पडून राहिली का, हे कोण पाहतं? आणि पाहिलं तर लिहितं कुठं?

मग येतं ‘सगळं मर्यादेत आहे’. कुठल्या मर्यादेत? सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम 2.5 ची, आपली वार्षिक मर्यादा 2009 पासून घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली सांगितलेली पातळी 5 आहे. आठपट सैल पट्टा कमरेला बांधायचा आणि पोट आत आहे म्हणून मिरवायचं. शिवाय प्रत्येक प्रकल्प आपापल्यापुरता मर्यादेत असतो. क्रशर मर्यादेत, डांबराचा प्लांट मर्यादेत, कोंडा जाळणारी भातगिरणी मर्यादेत, महामार्गावरचे ट्रक मर्यादेत. श्वास घेणारी बाई मात्र एकच आहे. तिनं सकाळी क्रशरची हवा घ्यायची, दुपारी गिरणीची आणि रात्री ट्रकची, असे वेगवेगळे तास लावलेले नसतात.

आणि मर्यादा कुणासाठी काढलेली? सरासरी माणसासाठी. गोंदिया हा सिकलसेलचा जिल्हा आहे, हे इथल्या आशाताईंना विचारा, त्या बोटावर घरं मोजून दाखवतील. ज्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, त्याला छातीचा जंतुसंसर्ग झाला, अंगातलं पाणी कमी झालं, रक्तातला प्राणवायू उतरला, की दुखण्याचा झटका येतो. कधी तो जिवावर बेततो. अशा पोराच्या घरापासून चार पावलांवर टिप्परांची वाट काढताना ‘मर्यादेत’ या शब्दाला काय अर्थ उरतो? सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 ला मोठ्या समारंभानं सुरू झालं. एक खातं रुग्ण शोधत गावोगाव फिरतं, दुसरं खातं त्याच गावांतून रस्ता आखतं, आणि या दोघांची गाठ कागदावरसुद्धा पडत नाही.

‘धूळ काय, दोन वर्षांची असते’ हे आणखी एक लाडकं वाक्य. गिट्टी फोडणाऱ्या मजुराच्या छातीत गेलेली सिलिकाची धूळ काम संपल्यावर परत बाहेर येत नाही. सिलिकोसिस उमटायला अनेकदा दहा-वीस वर्षं लागतात. तोवर ठेकेदार दुसऱ्या राज्यात, मुकादम तिसऱ्या, आणि मजूर गावात क्षयाच्या गोळ्या खात बसलेला, कारण क्ष-किरणात डाग दिसला की आपल्याकडे आधी क्षयच आठवतो. काम दोन वर्षांचं होतं हे खरं. दम मात्र जन्माचा गेला.

पण या सगळ्यापेक्षा ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ती गोष्ट धुळीची नाही, पाण्याची आहे. महामार्ग उंच करायला मुरूम लागतो. तो आसपासच्या माळावरून, तळ्याच्या काठावरून उचलतात. निविदेत खड्डे पूर्ववत करायची अट असते. प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेनं चालत गेलं तर उभ्या कापलेल्या कडांचे चौकोनी खड्डे दिसतात. मृगात त्यात पाणी साचतं, रोवणीपर्यंत ते नितळ होतं, एका कोपऱ्यात म्हशी बसतात, दुसऱ्या कोपऱ्यातून पोरं उड्या मारतात. काठाशी वाकून पाहिलं तर पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या चिकटलेल्या बारीक अळ्या दिसतात. हिवतापाच्या डासाची अळी अशीच आडवी राहते. घाण पाण्यातल्या क्युलेक्सची शेपटी वर करून तिरकी लटकते. मध्य भारतात हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. देवरी-सालेकशाकडे हिवताप आधीच घर करून आहे. धानाच्या बांध्यांमुळे जपानी मेंदूज्वराचा धोकाही गोंदिया-भंडाऱ्याला नवा नाही. अशा मुलखात रस्त्यालगत खड्ड्यांची माळ ओवायची म्हणजे काय करायचं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

हे ज्ञानही काल-परवाचं नाही. बंगालात 1864 साली नेमलेल्या साथीच्या आयोगावर दिगंबर मित्र होते. रस्त्यांचे आणि रेल्वेचे भराव पाण्याचा निचरा अडवतात आणि तापाच्या साथीला तेच कारण आहे, असं त्यांनी तेव्हाच ठासून मांडलं. पुढं 1925 साली बंगालच्या आरोग्य खात्याच्या बेंटले साहेबांनी त्यावर पुस्तक लिहिलं. दीडशेहून अधिक वर्षं झाली. आणि आपण अजून पर्यावरणाच्या अहवालासाठी पावसाळा वगळून एकाच हंगामाचे, तीन महिन्यांचे नमुने घेतो. हवेच्या धुळीसाठी ते एक वेळ ठीक. पण ज्या मुलखाचे आजार पावसाळ्यात जन्मतात, तिथं पावसाळाच वगळून आरोग्याचा अंदाज बांधायचा, हे शहाणपण कुठल्या गावचं?

रुग्णवाहिकेचं उत्तर राहिलं. ते मला खरोखरच मान्य आहे. साप चावलेला माणूस, अडलेली बाळंतीण वेळेत पोचते ती रस्त्यामुळे. 2014 पासूनच्या 108 च्या गाडीला रस्ता नसता तर ती कुठं पळाली असती? पण मग हे तरी मोजलंत का? किती जीव वाचले, किती मिनिटं वाचली? नाही. फायदाही अंदाजानं, तोटाही अंदाजानं, आणि अंदाज करणारा एकच. आणि तीच 108 या रस्त्यावर आणखी कुणाला उचलायला धावते? 29 नोव्हेंबर 2024 ला कोहमारा–गोंदिया मार्गावर शिवशाही बस उलटली आणि 11 जण दगावले. चार दिवस चर्चा झाली ती चालकाची आणि वेगाची. वळणाची, वस्तीची, रस्त्याच्या आखणीची चर्चा अपघाताआधी कोण करणार होतं? देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 36 टक्के राष्ट्रीय महामार्गांवर, आणि महामार्गांची लांबी एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास. इतकी माणसं एखाद्या तापानं मेली असती तर त्याला साथ म्हटलं असतं. रस्त्यावर मेली म्हणून त्याला चालकाची चूक म्हणतात.

यावर कुणी म्हणेल, एवढं सगळं आधी तपासणं शक्य तरी आहे का? शक्य आहे, आणि आपण ते करतो. फक्त वाघांसाठी. नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधला भ्रमणमार्ग याच महामार्गाला आडवा जातो, आणि त्यावरून वाद न्यायालयापर्यंत गेला. पेंचमधल्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर प्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावून कुठला प्राणी केव्हा खालून जातो ते टिपलं, 18 जातींचे वन्यप्राणी नोंदले, वाघ तर पट्ट्यांवरून एकेक ओळखले. उत्तम काम झालं, असंच व्हायला हवं. पण प्रत्येक वाघाचे पट्टे ओळखणाऱ्या देशाला त्याच रस्त्याच्या कडेची माणसं मोजता येत नाहीत, यावर कोण विश्वास ठेवील?

‘अभ्यासानं प्रकल्प रखडतात’ ही भीतीही अशीच पोकळ. थायलंडनं 2007 च्या राज्यघटनेतच अशा मोठ्या प्रकल्पांआधी पर्यावरणाबरोबर आरोग्यावरच्या परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला. तो नीट झाला नाही म्हणून 2009 साली माप ता फुट इथल्या 76 प्रकल्पांना न्यायालयानं स्थगिती दिली. थायलंडचे कारखाने त्यामुळे बुडाले का? आपल्याकडे उलटी तऱ्हा. 11 जुलै 2025 च्या अधिसूचनेनं औष्णिक केंद्रांच्या गंधक वायूच्या नियंत्रणात तीन वर्ग पक्के केले. राजधानी परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं यांच्या 10 किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना सक्ती. प्रदूषित म्हणून आधीच नोंदलेल्या शहरांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक पाहून. उरलेल्यांना उंच धुराडं असेल तर गंधक रोखणाऱ्या यंत्रणेतून सूट. गोंदिया जिल्ह्यात दहा लाखांचं शहर नाही. म्हणजे आम्हाला स्वच्छ हवा हवी असेल तर आधी एक तर आमची लोकसंख्या वाढवावी किंवा आमची हवा पुरेशी बिघडू द्यावी! धुराडं उंच केलं की गंधक नाहीसा होत नाही, तो फक्त पुढच्या गावाला जातो. ते पुढचं गाव कोणतं, हे कुणी लिहून ठेवलं आहे?

आणि ‘चुलीचा धूर यापेक्षा वाईट, विडीही ओढतात’ म्हणणाऱ्यांना एकच सांगायचं. बरोबर आहे, ओढतात. गोंदिया तेंदूपत्त्याचा आणि विड्यांचाच मुलूख आहे. ज्याच्या छातीवर आधीच दोन दगड आहेत त्याच्यावर तिसरा ठेवायला ही सबब कशी होते?

मागणी काही आकाशातली नाही. आशाताईंच्या वह्या आहेत, उपकेंद्रांची बाह्यरुग्णांची रजिस्टरं आहेत, 108 च्या फेऱ्यांची नोंद आहे, पोलिसांकडे अपघातांची नोंद आहे, गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, भोपाळात पर्यावरणीय आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. काम सुरू होण्याआधी पावसाळ्यासकट एक पूर्ण वर्ष ही नोंद एकत्र करा. पैसे प्रकल्पाकडून घ्या, पण अभ्यास करणारा प्रकल्पवाल्यानं नेमायचा नाही. सिकलसेलची घरं, शाळा, मुरमाचे खड्डे, क्रशर आणि टिप्परांची वाट एकाच नकाशावर आणा. तो मराठीत ग्रामसभेपुढं ठेवा. काम चालू असताना आणि संपल्यावर हीच नोंद पुन्हा घ्या. नागपूर–गोंदिया द्रुतगती मार्ग होऊ घातला आहे. सुरुवात तिथूनच होऊ शकते.

हे करायचं नसेल, तर दुसरी वाट सोपी आहे. या प्रकल्पानं परिसरातल्या कुणाच्याही प्रकृतीला अपाय होणार नाही, झाला तर उपचाराचा आणि भरपाईचा खर्च आमचा, आणि अपाय झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही आमचीच, एवढं एका पानावर लिहावं. खाली प्रकल्प संचालकांनी, सल्लागारानं आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यानं नाव, हुद्दा, तारीख घालून सही करावी. ते पान कोहमारा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची जबाबदारी आमची.